नंबर फ्रेमचा खरा, बाकीचं पिस्तूल भलतंच

वापरलेलं पिस्तूल घ्यायच्या विचारात असाल आणि एखाद्या कंपनीवर तुमचा फार जीव असेल, तर हे आधी वाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही. दोष तिचा नव्हताच, आणि नाव लिहिलं की तिचे चाहते आणि विरोधक मूळ मुद्दा सोडून एकमेकांवर तुटून पडतात.

विक्रेता परवानाधारक, बोलायला गोड. पिस्तूल मूळ डब्यात होतं आणि डब्यावरचा नंबर फ्रेमवरच्या, म्हणजे मुठीसह खालच्या सांगाड्यावरच्या, नंबराशी जुळत होता. ‘फारसं वापरलेलंच नाही, कारखान्यातून आलं तसं आहे’ असं त्याने छातीठोकपणे सांगितलं. काही विचारलं की उत्तराऐवजी इतिहास ऐकवायचा. १९११ साली अमेरिकी लष्कराच्या चाचणीत ब्राउनिंग या शस्त्ररचनाकाराने आखलेल्या कोल्ट कंपनीच्या पिस्तुलातून ६,००० गोळ्या झाडल्या, तापलं की पाण्यात बुडवून पुन्हा सुरू, आणि ते एकदाही अडकलं नाही. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ग्लॉक पिस्तूल घेतलं, १९८५ मध्ये अमेरिकेच्या सैन्याने बेरेटा. सगळं खरं आहे. फक्त त्याच्या टेबलावर जे पडलं होतं त्याच्याशी यातल्या कशाचाही संबंध नव्हता.

पिस्तूल घेतलं. नेमबाजीच्या रेंजवर पहिलं मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी, सुरळीत गेलं. नंतर स्लाइड, म्हणजे गोळी सुटली की मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, मध्येच अडकायला लागली. कधी रिकामी पुंगळी बाहेर न पडता फटीत उभी राहायची, तर कधी नवी गोळी नळीत न शिरता तोंडाशीच नाक वर करून थांबायची.

फोन केला तर म्हणाला, “मनगट ढिलं पडतंय तुमचं. घट्ट धरा.” हे उत्तर मोठं चलाख आहे, कारण ते अर्धं खरं असतं. पकड सैल असली तर फ्रेमला मागून आधार मिळत नाही, स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि पिस्तूल खरंच अडकतं. म्हणून रेंजच्या प्रशिक्षकांच्या हातात दिलं. त्यांच्याही हातात अडकलं. मग म्हणाला, “गोळ्या बदलून बघा.” बदलल्या, फरक शून्य. शेवटी ऐकवलं, “या कंपनीचं पिस्तूल अडकत नसतं हो.” आणि गंमत म्हणजे रेंजवरच्या दोघा-तिघांनीही मला अगदी हेच सुनावलं! विक्रेत्याचं निदान पोट त्यावर होतं. हे लोक त्याची वकिली फुकटात करत होते.

शेवटी पिस्तूल गनस्मिथकडे, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे, नेलं. त्याने ते रिकामं असल्याची खात्री केली, उघडलं आणि आधी स्लाइडवरची अक्षरं भिंगाखाली धरली. कारखान्यात कोरलेल्या अक्षरांच्या कडा धारदार असतात. इथे त्या गोलसर झाल्या होत्या, काही आकडे तर उथळ दिसत होते. म्हणजे धातू घासून, पॉलिश करून वर नवा लेप दिलेला. लेपाखाली नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकतात तिथली झीज नखाला लागत होती. पुंगळी ओढून काढणारा छोटा हुक, म्हणजे एक्स्ट्रॅक्टर, कोणीतरी हाताने कानशीने घासून बसवलेला. स्लाइडला पुन्हा पुढे ढकलणारी रिकॉइल स्प्रिंग नव्या मूळ स्प्रिंगशेजारी ठेवली तर चांगलीच आखूड. मॅगझिनची वरची ओठं फाकलेली, म्हणून गोळी चुकीच्या कोनात वर येत होती. आणि नळीवरचा नंबर वेगळाच! या कंपनीच्या पिस्तुलात फ्रेम, स्लाइड आणि नळी तिन्हींवर एकच नंबर असायला हवा. स्लाइडवर तो जिथे असायचा तिथे घासलेला पट्टा होता. माझ्या कागदांवर फक्त फ्रेमचा नंबर होता, आणि तेवढा एकच खरा निघाला.

कंपनीला फोटो पाठवले. त्यांचं उत्तर सरळ आलं: ती नळी दुसऱ्या पिस्तुलाची, एक्स्ट्रॅक्टर आमचा नाही, हमी लागू नाही. मला हे उत्तर रास्त वाटलं.

नाव एकाचं आणि भाग दुसऱ्याचा, असं मोठ्या सैन्यांच्याही वाट्याला आलंय. इराकमध्ये अमेरिकी सैनिकांची बेरेटा एम९ अडकत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा मोठं कारण मॅगझिन निघालं. ती दुसऱ्या उत्पादकाने कंत्राटावर केलेली होती आणि त्यांच्यावरचा खडबडीत फॉस्फेट लेप बारीक वाळू धरून ठेवायचा. बदनाम मात्र पिस्तूल झालं. उलटही घडतं, दोष खुद्द कंपनीच्या पिस्तुलातच असतो. २०१७ मध्ये सिग सॉअरने पी३२० चे ट्रिगरचे भाग बदलून द्यायची योजना जाहीर केली, कारण काही कोनांत खाली पडल्यास गोळी सुटू शकते असं चाचण्यांत दिसलं होतं. अशा मॉडेलचं जुनं पिस्तूल घेताना ती दुरुस्ती झाली आहे का, हे नंबर देऊन कंपनीलाच विचारा. विक्रेत्याच्या ‘हो’ला काही अर्थ नाही.

पैसे देण्याआधी पिस्तूल तुमच्यासमोर उघडायला लावा आणि सगळ्या भागांवरचे नंबर वाचा. ‘सील तुटेल’, ‘लेपाला ओरखडा पडेल’ असली कारणं आली की उठून या. रोज झटक्यात उघडून साफ करण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे ती. झाडून पाहायची सोय असेल तर सोबत दिलेल्या प्रत्येक मॅगझिनमधून झाडा. आणि ‘मूळ भाग, एकही बदललेला नाही’ हे वाक्य पावतीवर लिहून घ्या. तोंडी छातीठोकपणे बोलणारा माणूस पेन हातात आलं की कसा अडखळतो ते बघण्यासारखं असतं. माझ्या पावतीवर ते वाक्य होतं, म्हणूनच गनस्मिथचा लेखी अहवाल समोर ठेवल्यावर त्याने कुरकुरत पिस्तूल परत घेतलं. परवान्यावरची नोंद बदलण्याचा आणि तपासणीचा खर्च मात्र माझ्याच अंगावर पडला.

तेच पिस्तूल आता पुन्हा विक्रीला लागलं आहे, त्याच डब्यात. नळीचा नंबर वेगळा, स्लाइडवर बाहेर पुंगळी पडते त्या फटीखाली घासलेला पट्टा आणि कंपनीच्या नावातलं शेवटचं अक्षर जवळजवळ पुसलेलं. समोर आलं तर ओळखाल.