आय-एससीई १ एन्झाइम : वर्गातील वापरानंतरचा अभिप्राय

टी-४ या बॅक्टेरिओफाजच्या (जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूच्या, थोडक्यात फाजच्या) टीडी नावाच्या जनुकात इंट्रॉन, म्हणजे जनुकाच्या मध्ये असलेला पण अंतिम संदेशातून गाळला जाणारा तुकडा, असल्याचे मार्लीन बेलफोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवले. या इंट्रॉनच्या पोटातच आय-टेव्ह १ या एन्झाइमचे जनुक आहे. हे एन्झाइम इंट्रॉन नसलेल्या टीडी जनुकावर काप देते, आणि तो काप सांधताना फाज इंट्रॉन असलेल्या प्रतीवरून नक्कल करत असल्यामुळे इंट्रॉन नव्या ठिकाणीही जाऊन बसतो. एकदा तो बसला की ओळखीची जागा दुभंगते आणि पुन्हा काप बसत नाही. एम.एस्सी.च्या वर्गात हा भाग मी दरवर्षी शिकवते. पण मुलांना तो डोळ्यांनी दिसावा, यासाठी यंदा असेच काम करणारे, यीस्टच्या मायटोकॉन्ड्रियातील इंट्रॉनपासून मिळालेले आणि बाजारात सहज उपलब्ध असलेले आय-एससीई १ मागवले.

एन्झाइमबद्दल माझे मत अतिशय चांगले आहे. डीएनए कापणारे नेहमीचे एन्झाइम इको आर १ सहा बेस जोड्यांची (डीएनएच्या अक्षरांची) जागा ओळखते आणि सरासरी ४,०९६ जोड्यांमागे एकदा कापते. आय-एससीई १ मात्र १८ जोड्यांची जागा ओळखते, आणि अशी जागा निव्वळ योगायोगाने सुमारे ६,९०० कोटी जोड्यांत एकदाच येईल. ई. कोलाय या जिवाणूचा संपूर्ण जीनोम जेमतेम ४६ लाख जोड्यांचा आहे. आम्ही दोन प्लास्मिड (डीएनएची लहान वर्तुळे) घेतले होते : एकात ही जागा अखंड होती, दुसऱ्यात तिच्या मधोमध डीएनएचा तुकडा घातलेला होता. ३७ अंशांवर तासभर ठेवल्यावर पहिला प्लास्मिड उलगडून सरळ झाला, दुसऱ्याला धक्काही लागला नाही. इंट्रॉन आपल्याच एन्झाइमपासून कसा सुरक्षित राहतो, हे मुलांना जेलवर (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या थरावर) उमटलेल्या दोन पट्ट्यांवरून लगेच उमगले.

तक्रार आहे ती माहितीपत्रकाबद्दल. पहिल्या खेपेला जेलवर कापलेल्या डीएनएची पट्टी धुरकट पसरली आणि काही भाग जेलमध्ये नमुना घालायच्या खाचेतच अडकून राहिला. काप दिल्यानंतरही हे एन्झाइम डीएनएच्या टोकाला घट्ट चिकटून राहते, हे त्याचे कारण. परंतु माहितीपत्रकात याचा उल्लेख कोठेही नव्हता, आणि पुरवठादाराला दूरध्वनी केल्यावर बफर बदलून पाहण्याचा सल्ला मिळाला. नमुन्यात थोडे एसडीएस (प्रथिने सैल करणारे साबणासारखे रसायन) घालून तो ६५ अंशांवर तापवल्यानंतर पट्टी रेघेसारखी स्वच्छ आली. ही एक ओळ छापली असती, तर महागड्या कुपीतला बराच ऐवज वाचला असता.

शिकवण्यासाठी हे एन्झाइम मी निःसंकोच सुचवीन, मात्र एक मर्यादा लक्षात ठेवावी. आय-एससीई १ ओळखलेल्या जागेच्या आतच कापते, तर फाजचे आय-टेव्ह १ इंट्रॉन बसण्याच्या जागेपासून २३ ते २५ बेस अंतरावर कापते. दूर हात लांबवून कापण्याची ही करामत दाखवायला मला अजूनही फळ्यावरच्या आकृतीचाच आधार घ्यावा लागतो.