मल्टीटूलमध्ये दुसऱ्या मॉडेलचे भाग बसवून घेताना झालेली फसवणूक

परभणी जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये मी यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. आमच्याकडे दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की पट्टे कापणे, स्क्रू आवळणे आणि गाठींच्या पोलादी तारा तोडणे ही कामे दिवसभर चालतात, त्यामुळे लेदरमन कंपनीचे ‘वेव्ह प्लस’ हे मल्टीटूल, म्हणजे पकड, पाते, कात्री असे अनेक भाग असलेले घडीचे अवजार, माझ्या कमरेला कायम असते. या अवजाराचे मूळ पाते ४२०एचसी पोलादाचे असते. ते वाईट नाही, पण रबरी पट्टे कापून त्याची धार लवकर उतरते. याच कंपनीच्या ‘चार्ज टीटीआय’ या महागड्या मॉडेलला एस३०व्ही या अधिक कठीण, धार जास्त टिकवणाऱ्या पोलादाचे पाते येते आणि दोन्ही मॉडेलांची घडण मुळात एकच असल्याने ते पाते ‘वेव्ह’च्या मुठीत बसते, ही गोष्ट अशा अवजारांचा छंद असलेल्या लोकांना चांगली ठाऊक आहे. त्यामुळे असा बदल करून देतो म्हणणाऱ्या माणसाच्या बोलण्यात वरवर खोटे काहीच नव्हते.

छत्रपती संभाजीनगरातील हा गृहस्थ समाजमाध्यमावर कामाचे फोटो टाकत असे. “भाऊ, ओरिजिनल पाते टाकून देतो, वर तुमचे टूल सर्व्हिसिंग करून देतो,” असे त्याने सांगितले, अर्धी रक्कम यूपीआयने आगाऊ घेतली आणि उरलेली माल हाती देताना घेतली. बिल मागितले तेव्हा “हे हातकाम आहे, याचे बिल नसते” असे उत्तर मिळाले. जुने पाते परत मागितले असता ते “एक्स्चेंजमध्ये गेले” असे तो म्हणाला, मात्र एक्स्चेंजचा विषय आमच्या बोलण्यात त्याआधी एकदाही निघालेला नव्हता.

अवजार चकचकीत होऊन आले आणि पात्यावर एस३०व्ही अशी अक्षरेही होती. पण सांध्याच्या स्क्रूंकडे पाहिल्यावर मन साशंक झाले. या स्क्रूंच्या सहा पाकळ्यांच्या खाचेत मध्यभागी एक बारीक खुंटी असते आणि ते खोलायला मध्ये भोक असलेला खास बिट लागतो. माझ्या स्क्रूंच्या पाकळ्या मात्र कुणीतरी भलतेच काहीतरी घालून पिरगाळावे तशा चिरडलेल्या होत्या. पाते उघडून बाजूला हलवले की ते किंचित डुलत होते. मुठीतली जी पट्टी सरकून पात्याच्या बुडाला अडते आणि त्याला मिटू देत नाही, ती अगदी कडेवर टेकत होती. दुसऱ्या अवजाराचे खरे पाते असले तरी हा मेळ तपासून घ्यावा लागतो, इथे तर पातेच खरे नव्हते. एकदा पट्टा कापताना पट्टी सटकली आणि पाते बोटाला चाटून मिटले.

खरा उलगडा झाला तो गाठीची तार तोडताना. पकडीतले कटर पूर्वी ती तार सहज तोडत असत. आता तार तशीच राहिली आणि कटरच्या धारेवर तारेच्या जाडीएवढी अर्धगोल खाच उमटली. ‘वेव्ह प्लस’चे कटर १५४सीएम पोलादाचे असून छोट्या स्क्रूंनी बसवलेले, म्हणजेच सुटे होणारे असतात. कटर बदलण्याचे कामच मी सांगितले नव्हते. सर्व्हिसिंगच्या नावाखाली माझे खरे कटर काढून घेऊन त्यांच्या जागी मऊ लोखंडाचे तुकडे बसवले गेले होते. पुढे वाळूजच्या एका टूलरूममध्ये काम करणाऱ्या भाच्याने पाते धातूची कठीणता मोजणाऱ्या रॉकवेल यंत्रावर तपासले. एस३०व्हीचे पाते साधारणपणे ५८ ते ६१ एचआरसी (त्या कठीणतेचे माप) भरते. हे ५० पर्यंतही पोहोचले नाही. म्हणजे मूळचे ४२०एचसी पातेसुद्धा यापेक्षा कितीतरी कठीण होते आणि पैसे मोजून मी त्याहून हलक्या दर्जाचे पाते विकत घेतले होते.

या व्यवहारातील मेख अशी आहे की आपले सगळे लक्ष नव्याने येणाऱ्या भागावर असते आणि लुबाडणूक काढलेल्या भागांत होते. मोटारसायकलचा मेकॅनिक जसा बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवतो, तसाच इथेही प्रत्येक काढलेला तुकडा परत मागावा. अवजार देण्यापूर्वी कटर, कानस, कात्री आणि स्क्रू यांचे जवळून फोटो काढून त्याच माणसाला पाठवून ठेवावेत. कंपनी कटर सुटे विकते, पाती विकत नाही. त्यामुळे एस३०व्हीचे खरे पाते मिळवायचे तर एक अख्खे ‘चार्ज’ खोलावे लागते. ते खोललेले अवजार दाखवा असे म्हणताच जो विषय बदलतो, त्याच्याकडे काम देऊ नये. आणखी एक गोष्ट म्हणजे कंपनीची २५ वर्षांची वॉरंटी बदल केलेल्या अवजाराला लागू होत नाही, त्यामुळे काम प्रामाणिकपणे झाले तरी तो आधार सुटतोच. हे ठाऊक असूनही बदल करणारे पुष्कळ आहेत आणि त्यात गैर काही नाही.

फोन उचलणे त्याने बंद केल्यावर मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिला. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही. बिल नसले तरी यूपीआयच्या नोंदी, त्याचे संदेश आणि कामाआधीचे फोटो मी जोडले आहेत. मागण्यांमध्ये पैशांच्याही आधी माझे जुने पाते आणि कटर परत मिळावेत असे लिहिले आहे. नोटीस मिळाल्यापासून उत्तर देण्यासाठी समोरच्याला ३० दिवस मिळतात आणि आयोगाने मुभा दिली तर आणखी १५. ती मुदत अद्याप चालू आहे.