बालगृह सुटल्यावरची अनुरक्षण सेवा: मैत्रीच्या अंगाने परीक्षण

अठरा वर्षं पूर्ण झाली की बालगृह सोडावं लागतं. पुढच्या काही वर्षांसाठी सरकारची जी सेवा आहे, ती अनुरक्षण. तिला आधार बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४६ चा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बालसंरक्षण योजनेत दरमहा ४,००० रुपये, वय २१ पर्यंत आणि विशेष कारण असेल तर २३ पर्यंत. रक्कम थेट स्वतःच्या बँक खात्यात येते, ही चांगली सोय. पण पैशांवर पुष्कळ बोललं जातं. या मुलामुलींचे एकमेकांशी असलेले संबंध ही सेवा टिकवते का, हे कुणी पाहत नाही. आमच्या मते ती टिकवू शकते, पण आपणहून टिकवत नाही.

बालगृहात मैत्री ठरवावी लागत नाही. एकच घंटा, एकच पंगत, गादीला लागून गादी. बाहेर पडल्यावर एक सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात, दुसरी नर्सिंगला, तिसरा पुण्यात. आता भेटायला दिवस काढावा लागतो, साप्ताहिक सुट्ट्या जुळवाव्या लागतात, ‘येतोस का?’ असं आपणहून विचारावं लागतं. याची सवय कधी लागलेलीच नसते. दोन महिने फोन आला नाही की ‘विसरले मला’ असं वाटू लागतं, आणि तिकडे दुसराही याच्याच फोनची वाट पाहत असतो.

या सेवेतली सर्वांत मोलाची तरतूद म्हणजे ६ ते ८ जणांचं तात्पुरतं सामूहिक घर. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत ती आहे. कुणाला कुणासोबत ठेवायचं, यावर मात्र सगळं अवलंबून. एकाच बालगृहातले आठजण सरसकट एकत्र ठेवले तर तिथली जुनी दादागिरीही सामानासोबत येते. आठही अनोळखी असतील तर प्रत्येकजण मोबाइलमध्ये तोंड घालून बसतो. जोड्या कराव्यात: आधीपासून मैत्री असलेले दोघे-दोघे, अशा तीन-चार जोड्या. आणि वयं अगदी एकसारखी नकोत, नाहीतर २१ ला सगळेच एकदम बाहेर पडतात आणि घर रिकामं होतं.

भांडणं बहुतेक पैशांवरून होतात. पैसे जमा झाले की पहिल्या दोन दिवसांत उसनवारी सुरू होते. मैत्रीत ‘नाही’ म्हणता येत नाही, परत मागता येत नाही, मग बोलणंच बंद. स्वयंपाकघरात एक वही टांगावी. गॅस, किराणा, वीज यांचे वाटे आणि उसने पैसे तिच्यात लिहावेत. उसन्याची मर्यादा सर्वांनी मिळून ठरवावी. ५०० रुपयांच्या वर जाऊ नये असं आम्ही सुचवू. पुढे स्वतंत्र खोली घेताना डिपॉझिटमधला प्रत्येकाचा वाटा आणि मध्येच सोडणाऱ्याला तो कधी मिळणार, हे आधी कागदावर यावं.

बालगृह सोडण्याच्या दोन महिने आधी पुढची योजना तयार करून बालकल्याण समितीपुढे ठेवायची असते. तिच्यात राहणं, शिक्षण, काम येतं. ही योजना तयार करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्याला (प्रोबेशन ऑफिसर) एक पान जोडायला सांगावं: तीन मित्रमैत्रिणींची नावं, त्यांचे नंबर, पहिला फोन कोण करणार, पहिली भेट कधी. भाऊ मुलांच्या संस्थेत आणि बहीण मुलींच्या, असं असेल तर तेही याच पानावर. नंबर कागदावरच हवेत. रिचार्ज राहिला, सिम बंद पडलं की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमधून माणूस गळतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. नंबरांची एक चिठ्ठी स्वतःजवळही ठेवावी; पासबुकाच्या प्लास्टिक पाकिटात ती नीट राहते.

फोन नसला तरी चुकणार नाही, असा एक दिवस सोलापुरात आहेच: संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या गर्दीत भेट ठरवू नये, चुकामूक होते. नंतरचा एखादा दिवस, सकाळची वेळ आणि सिद्धेश्वर तलावाकाठची एक ठरलेली जागा, बस. एरवी महिन्यातून एकदा भेटायला खर्च नसलेली जागा निवडावी. हॉटेलात भेटायचं ठरलं की ज्याचा पगार झालेला नाही तो काहीतरी कारण सांगून टाळतो. शेंगाचटणी, कडक भाकरी घरून आणली की प्रश्न मिटतो.

पुण्यातल्यांची अडचण वेगळी. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहून सुटते आणि संध्याकाळी पुण्याहून परत निघते. या गाडीने पुण्याहून येऊन त्याच दिवशी परत जाता येत नाही, म्हणजे मुक्काम आला. सामूहिक घरात पाहुण्यासाठी एक जादा गादी आणि दोन रात्रींची लेखी परवानगी असावी. ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ या नियमापायी बालगृहातलाच जुना सोबती रात्र स्टेशनवर काढतो.

समुपदेशकाने नियमित संपर्कात राहावं, असं नियमांतच आहे. हे बोलणं नोकरीपाशीच थांबतं. ‘या महिन्यात कुणाला भेटलीस?’ हा प्रश्न दर वेळी विचारला जावा.

भेटीचे फोटो टाकताना जपा. अजून संस्थेत असलेल्या अठराखालच्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय अधिनियमाच्याच कलम ७४ ने मनाई आहे; ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि दवाखान्यात भरती होताना ‘नातेवाईक कोण?’ हा प्रश्न येतोच. तिथे कुणाचं नाव सांगायचं, हे दोघा मित्रमैत्रिणींनी एकमेकांना विचारून आधीच ठरवावं, नंबर पाठ करावा आणि एकमेकांचा रक्तगट त्याच चिठ्ठीवर लिहावा.