ओरडत होता बेल्ट, दुखणं होतं टेन्शनरचं: आठ महिन्यांनंतर

गाडी तेरा वर्षं जुनी डिझेल हॅचबॅक, मीटर १ लाख १८ हजारांवर. गेल्या पावसाळ्यात सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटखालून चार-पाच सेकंद असा चिरका आवाज यायचा की पार्किंगमधली कबुतरं उडायची. तळमजल्यावरच्या काकू एकदा शांतपणे म्हणाल्या, "तुमची गाडी किंचाळली की मी कुकर लावते. रविवारी मात्र पंचाईत होते." पुण्यात याला तक्रार म्हणतात.

हा ओरडणारा बेल्ट म्हणजे झाकणाआडचा टायमिंग बेल्ट नव्हे. इंजिनाच्या बाजूला बाहेरून दिसतो तो, उभ्या खाचांचा काळा पट्टा. पंखा मोटरवर जाऊन जमाना झाला तरी गॅरेजात अजून फॅन बेल्टच म्हणतात. माझ्या गाडीत त्यावर अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप फिरतो. सकाळीच जास्त का ओरडतो, तर स्टार्टरने बॅटरीतून ओढलेलं अल्टरनेटरला लगेच भरून काढायचं असतं. तेव्हा तो फिरायला जड होतो, वर रात्रभराची ओल. ताण कमी असला की बेल्ट पुलीवर घसरतो आणि बोंब मारतो. एसी लावल्यावर किंवा पार्किंगमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत वळवल्यावरही तेच व्हायचं.

आधी घराजवळच्या गॅरेजात गेलो. त्यांनी ऐकूनच निदान केलं: बेल्ट गेला. नवा बेल्ट ८५०, लेबर ३००. तीन आठवडे शांतता, मग पुन्हा तोच सूर. परत गेलो तर ३५० रुपयांचा स्प्रे मारून दिला. हा स्प्रे म्हणजे शुद्ध चिकटपणा. दोन दिवस आवाज बंद आणि मग सिंहगड रोडची सगळी धूळ खाचांमध्ये जाऊन बसली. खाचांच्या बेल्टवर असलं काही मारू नका, असं बेल्ट बनवणारेच सांगतात, हे मला नंतर कळलं. ऑफिसातल्या एकाने अंगाचा साबण घासायला सांगितला होता. तेवढं मात्र केलं नाही.

शेवटी दांडेकर पुलाजवळच्या ओळखीच्या मेकॅनिक काकांकडे गाडी नेली. त्यांनी इंजिन चालू ठेवलं, एसी लावला आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला भोक पाडून लांबूनच बेल्टच्या खाचांवर चूळभर पाणी मारलं. आवाज दुप्पट झाला. काका म्हणाले, "बेल्टला कशाला नावं ठेवताय? त्याला धरणाऱ्याचा हात सुटलाय."

ही पाण्याची परीक्षा मला फारच आवडली. पाणी पडल्यावर आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताणाची भानगड. क्षणभर थांबून पुन्हा तसाच सुरू झाला तर एखादी पुली रेषेत नाही. रेषेचा आवाजही वेगळा असतो, किंचाळी नव्हे तर चिमणीसारखी तुटक चिवचिव. (करून बघणार असाल तर बाही, ओढणी, गळ्यातलं ओळखपत्र सगळं लांब ठेवा. फिरता बेल्ट माणूस ओळखत नाही.)

मग त्यांनी टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारा भाग, दाखवला. स्प्रिंगवर चालणारा हात, टोकाला गुळगुळीत पुली. इंजिन आयडलला असताना तो जेमतेम हलायला हवा. माझा देवळातल्या घंटेसारखा झुलत होता, आणि त्याच्यावरची खूण नेमून दिलेल्या मर्यादेच्या पार बाहेर. नवा बेल्ट तीन आठवडे का गप्प होता तेही कळलं. नव्या रबराची पकड चांगली असते, त्यामुळे ढिलेपणा झाकला जातो. बेल्ट काढून आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट दाखवणारी) हाताने फिरवली तर खर्र खर्र वाजली. तिचंही बेअरिंग गेलेलं. अल्टरनेटर मात्र ठणठणीत निघाला.

पार्ट नाना पेठेत घेतले: टेन्शनर ३,२००, आयडलर ९००. स्प्रेने बरबटलेला बेल्ट नव्या टेन्शनरवर चढवायचा नाही, अशी काकांची ताकीद होती, म्हणून आणखी एक बेल्ट १,१५०. बेल्टवर ६पीके आणि पुढे आकडा असतो. ६ म्हणजे खाचांमधल्या सहा धारा, पुढचा आकडा लांबी, मिलिमीटरमध्ये. दुकानदार पाच मिलिमीटर लांब देत होता, "घ्या हो साहेब, टेन्शनर घेतो सांभाळून." जुन्या टेन्शनरने किती सांभाळलं ते बघून आलो होतो, त्यामुळे नेमक्या मापाचा मिळेपर्यंत चौथं दुकान गाठलं.

काका सणासुदीच्या कामात अडकलेले, म्हणून रविवारी मीच बसवलं. काढण्याआधी बेल्टची वाट मोबाइलवर टिपून ठेवली, हे शहाणपण. मूर्खपणा पुढे. बेल्ट चढवून गाडी चालू केली तर चिवचिव! बंद करून टॉर्च मारला, तर अल्टरनेटरच्या पुलीवर पाचच धारा खाचांत आणि सहावी कडेला लोंबतेय. एका धारेची रुंदी साडेतीन मिलिमीटर. उभ्याने बघून ते दिसत नाही, बोट फिरवावं लागतं. कडेला केसासारखा काळा दोरा सुटायला लागला होता. पुन्हा बसवलं आणि सगळ्या पुल्या बोटाने चाचपल्या.

ते ऑक्टोबरमध्ये. आता जून, मध्ये ९,४०० किलोमीटर झाले. एप्रिलच्या उन्हात खंबाटकी घाट एसी लावून चढलो, मे महिन्यात दोनदा ताम्हिणी. हूं की चूं नाही. परवाच्या पहिल्या मोठ्या पावसात साचलेल्या पाण्यातून गेल्यावर दोन सेकंद कुरकुरला, बेल्ट कोरडा झाल्यावर गप्प. त्याला मी दोष देत नाही. खटकतं ते एवढंच की टेन्शनर कंपनीचा नाही, बाहेरचा आहे. खूण मर्यादेच्या आत असली तरी पहिल्या दिवशी मधोमध होती, आता किंचित सरकली आहे. दर दोन महिन्यांनी फोटो काढून ठेवतो.

हल्लीच्या बेल्टचं रबर वेगळं असतं, त्यामुळे भेगा नाहीत म्हणून बेल्ट चांगला असं धरू नका. तो टायरसारखा झिजतो, खाचांचा तळ रुंद होत जातो. ज्यांच्या गाडीत वॉटर पंपही याच बेल्टवर आहे त्यांनी आवाजाकडे अजिबात काणाडोळा करू नये. माझा तुटला तर बॅटरीचा दिवा लागेल आणि स्टिअरिंग जड होईल, त्यांचं इंजिन तापेल.

टेन्शनर, आयडलर, बेल्ट मिळून ५,२५० गेले, आणि त्याआधीचे १,५०० पाण्यात. काकूंनी नोव्हेंबरमध्ये विचारलं, "गाडी विकलीत का?" स्प्रे लागलेला बेल्ट अजून डिकीत पडून आहे. टाकवत नाही, दीड महिनासुद्धा वापरला नव्हता.