बोनेट गरम होतं, तेव्हाच मागं फिरायला हवं होतं

मला फसवणारा माणूस माझ्याशी फारसं खोटं बोललाच नाही. ट्रॅक्टर किती तास चाललाय असं विचारलं, तर त्यानं तास मोजणाऱ्या मीटरकडं बोट दाखवलं. "समोरच आहे, बघा ना." मीटरवर 612 होते. फोर व्हील, म्हणजे चारही चाकांना ओढ, आहे का, तर त्यानं लिव्हर ओढून दाखवला. थंडीत नीट सुरू होतो का, तर किल्ली सरळ माझ्या हातात दिली, आणि अर्ध्या सेकंदात इंजिन सुरू झालं. प्रत्येक उत्तर मीच माझ्या मनात पूर्ण केलं. त्यानं फक्त मला थांबवलं नाही.

दोन हिवाळे मी हातानं ढकलायच्या, बर्फ उडवणाऱ्या ब्लोअरनं घराबाहेरचा लांब, चढाचा रस्ता साफ केला होता. ताजा, कोरडा बर्फ हलका असतो, घनमीटरला साधारण 50 ते 100 किलो. पण तोच दबून ओला झाला की 300-400 किलोंच्या घरात जातो, आणि रस्ता साफ करणाऱ्या मोठ्या गाड्या आपल्या फाटकाशी जो बांध घालून जातात तो कायम याच जातीचा. कंबर बोलायला लागली. लहान ट्रॅक्टर घ्यायचा ठरवलं. बर्फाचं यंत्र उन्हाळ्यात घ्यावं, तेव्हा गिऱ्हाईक नसतं, हे शहाणपण कुणीतरी दिलं होतं. ते खरंही आहे. पण गिऱ्हाईक नसतं तसाच बर्फही नसतो, थंडीही नसते, आणि जे काम यंत्राकडून करून घ्यायचं ते तेव्हा करून बघता येत नाही, एवढा पुढचा विचार माझ्या डोक्यात आला नाही.

जाहिरातीत सगळं होतं. 25 हॉर्सपॉवरच्या आसपासचं तीन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पुढं बकेट उचलणारा लोडर, मागं पीटीओवर (इंजिनाची ताकद जोडलेल्या यंत्राला देणाऱ्या शाफ्टवर) चालणारा ब्लोअर, तेलाच्या दाबावर चालणारा, पायानं वेग बदलायचा हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स. ताजा रंग. पुढचे दोन्ही टायर नवेकोरे. फोनवर तो म्हणाला, "निघालात की कळवा, मी शेडबाहेर काढून ठेवतो." मला तो माणुसकीचा वाटला.

पोहोचल्यावर मी बोनेटवर हात ठेवला, तपासायला नव्हे, सहज टेकायला. बोनेट चांगलंच गरम होतं. बाहेर काढताना तापलं असेल, असं म्हणून मी विषय तिथंच सोडला. शेडपासून ट्रॅक्टर उभा होता तिथपर्यंत वीस पावलं होती. वीस पावलांत डिझेल इंजिन तापत नाही.

डिझेलला ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा दाबून इतकी तापवायची की आत फवारलेलं डिझेल आपोआप पेटावं, एवढाच त्याचा धंदा. या छोट्या इंजिनांपैकी बऱ्याच जुन्यांत हवा 20 पटींहून जास्त दाबली जाते, आणि तरीही थंडीत आतली जागा तापवायला ग्लो प्लग लागतात. दट्ट्यावरच्या रिंगा झिजल्या, दाब गळायला लागला की सगळ्यात आधी गारठ्यातला पहिला स्टार्ट जातो. उन्हाळ्याच्या दुपारी, आधीच अर्धा तास चालवून ठेवलेलं इंजिन मात्र कितीही थकलेलं असलं तरी किल्लीसरशी उठतं. मी जे बघितलं ते हे होतं.

मग चालवून बघणं. पंधरा मिनिटं त्या डांबरी अंगणात मागं-पुढं केलं, लोडर वर-खाली केला. सगळं मऊसूत. हायड्रोस्टॅटचं गणित इंजिनाच्या उलट असतं, हे मला नंतर मेकॅनिकनं सांगितलं. त्यातला पंप आणि मोटर झिजली की तेल आतल्या आत गळतं. तेल थंड आणि जाड असेपर्यंत ते गळणं जाणवत नाही. तास-अर्धा तास राबून तेल पातळ झालं की ट्रॅक्टर चढावर पाय टेकतो. म्हणजे इंजिन थंड असताना बघायचं आणि हायड्रोस्टॅट गरम झाल्यावर. मला इंजिन गरम दाखवलं गेलं आणि हायड्रोस्टॅट थंड. बाकी सगळी लबाडी यापुढं किरकोळ होती. तपासणीची वेळ मी ठरवलीच नाही, ती त्यानं ठरवली, आणि मी "निघालो" असा फोन करून त्याला मदतही केली.

इसार त्याच दिवशी दिला, उरलेले पैसे दोन दिवसांनी. कागदावर त्यानं एक ओळ आवर्जून लिहिली होती: आहे त्या स्थितीत विकला. जुन्या वस्तूच्या व्यवहारात असं लिहितातच, म्हणून मी सही केली. तासांचा उल्लेख कागदावर कुठंच नव्हता.

पहिला मोठा बर्फ पडला तेव्हा उणे 14 होतं. किल्ली फिरवली, इंजिन घरघरलं, सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, डोळे झोंबले, आणि बॅटरी बसली. मी दोष डिझेलला दिला. ते अगदीच चूक नव्हतं. उन्हाळी डिझेलमधलं मेण गारठ्यात गोठायला लागतं आणि फिल्टर तुंबतो, टाकीत जुनं डिझेलच होतं. हिवाळी डिझेल भरलं, फिल्टर बदलला, बॅटरी चार्ज केली. परत तेच. पांढरा, झोंबणारा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये. मग मल्टिमीटर लावून ग्लो प्लग बघितले. तिनांपैकी दोन मेलेले. ते बदलल्यावर मिनिटभराच्या कण्हण्यानंतर इंजिन सुरू झालं, तेही एका सिलिंडरनं लंगडत.

त्याच दिवशी सीटखालच्या हत्यारांच्या पेटीत, चिंध्यांच्या खाली, ईथरच्या स्टार्टिंग स्प्रेचा रिकामा डबा सापडला. विकण्याआधी पेटी रिकामी करायला तो विसरला होता. (ग्लो प्लग असलेल्या इंजिनात हा स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर ईथर अवेळी पेटतं आणि दट्ट्या-रिंगा फुटू शकतात. माझ्या एका सिलिंडरचं काय झालं असेल, याचा अंदाज मला त्या डब्यावरून आला.)

खरा धक्का रस्त्यावर बसला. लोडरची बकेट बर्फात घातली, फोर व्हील टाकलं, आणि मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. पुढची गप्प. लिव्हर पुन्हा ओढला, पुन्हा टाकला. खाली उतरून बघितलं तर पुढच्या नव्याकोऱ्या टायरांवर बर्फाचा एक कणही घासलेला नव्हता.

मेकॅनिकनं गिअरबॉक्सपासून पुढच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या शाफ्टचं नळीसारखं आवरण सोडवलं. आत शाफ्टच नव्हता. आवरण नीट रंगवून, नव्या क्लिपा लावून परत बसवलेलं होतं. शाफ्ट का काढला असेल तेही पुढं निघालं: ॲक्सलमधल्या बेव्हल गिअरचे (ताकद काटकोनात वळवणाऱ्या गिअरचे) दात तुटलेले. आणि दात का तुटले असावेत, तर ते नवे टायर! फोर व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगानं ओढतील असं जुळवलेलं असतं, साधारण 1 ते 5 टक्के. कुणीतरी मापाबाहेरचे टायर घातले की हे प्रमाण बिघडतं, पुढचं-मागचं एकमेकांशी भांडतं आणि कमजोर गिअर हार मानतो. ज्या टायरांकडं बघून मी मनातल्या मनात पैसे वाचल्याचा हिशेब केला होता, तेच हे.

डांबरावर हे कळलं असतं का? कळलं असतं. कडक जमिनीवर फोर व्हील टाकून स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू फिरवलं की ट्रॅक्टर अडखळतो, चाकं ओढाताण करतात. माझा लोण्यासारखा वळला होता. मी ते कौतुकानं घरी येऊन सांगितलंसुद्धा.

तासांचा उलगडा सगळ्यात शेवटी झाला, आणि तो मला अजूनही आवडतो. एअर फिल्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कुण्या आधीच्या मालकानं मार्करनं प्रत्येक फिल्टर बदलल्याची नोंद ठेवली होती, महिना-वर्ष आणि तास. नेटकं अक्षर. शेवटची नोंद 2,340 तासांची. त्या अनोळखी माणसानं यंत्र मनापासून सांभाळलं होतं. विकणाऱ्यानं मीटर बदलला, ब्रेकच्या पॅडलवर नवं रबर बसवलं, सीट बदलली, पण हे झाकण उघडून बघितलं नाही. मीही नव्हतं. लोडरच्या पिना तरी बघायच्या होत्या: बकेट जमिनीपासून थोडी उचलून हातानं हलवली असती तर पिनांमधला खडखडाट ऐकू आला असता. सहाशे तासांत पिना अशा अंडाकृती होत नाहीत.

ब्लोअरची कथा थोडक्यात. त्यात एक बोल्ट मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, दगड अडकला की तो तुटावा आणि गिअरबॉक्स वाचावा म्हणून. माझ्या ब्लोअरमध्ये तिथं डोक्यावर 10.9 कोरलेला कडक बोल्ट होता. वारंवार तुटतो म्हणून कुणीतरी तो घातला असणार, आणि त्यामुळं बोल्टाऐवजी गिअरबॉक्सचं घर तडकलं होतं. तडा पुट्टीनं भरून वर रंग. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समध्ये हायड्रोस्टॅटला हवं त्यापेक्षा जाड तेल ओतलेलं निघालं, त्याबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात त्यानं झीज झाकली, थंडीत पंप नुसता किंचाळत होता.

मी त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही चालवून घेतलात ना? मी काही लपवलं का?" शाफ्टचं विचारलं तर म्हणाला, मलाही असाच मिळाला. कागद एका वकिलाला दाखवला. त्यांनी ती एक ओळ वाचली आणि विचारलं, तासांबद्दल किंवा फोर व्हीलबद्दल त्यानं कधी लेखी काही पाठवलंय का? नव्हतं. सगळं फोनवर आणि बोट दाखवून. जाहिरातीचा फोटोही मी जपून ठेवला नव्हता, आणि तोवर ती उतरली होती. जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढायला दोन सेकंद लागतात.

तुम्ही बर्फासाठी असा ट्रॅक्टर बघत असाल तर विकणाऱ्याला वेळ सांगू नका, किंवा सांगायचीच तर स्पष्ट सांगा की मी येईपर्यंत सुरू करायचा नाही, आणि गेल्या गेल्या बोनेटवर, रेडिएटरच्या नळीवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी या. नाराज होणारा माणूसच तुम्हाला उत्तर देऊन जातो. इंजिन सुरू असताना तेल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. आतून येणाऱ्या फुंकरीनं ते नाचायला लागलं तर रिंगा गेल्यात. मग निदान अर्धा तास राबवा, लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या गिअरमध्ये) बकेट मातीच्या ढिगात खुपसा. चाकं फिरली पाहिजेत किंवा इंजिन दबलं पाहिजे. दोन्ही न होता ट्रॅक्टर नुसता कण्हत उभा राहिला तर पंप थकलाय. हायड्रॉलिकच्या डिपस्टिकवर तेल दुधासारखं दिसलं तर आत पाणी आहे, आणि ते पाणी हिवाळ्यात फिल्टरच्या तोंडाशी गोठणार. मागच्या रिमांवर ताजा रंग असेल तर व्हॉल्व्हजवळ नखानं खरवडा. वजनासाठी टायरात कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायची पद्धत जुनी आहे, आणि ते झिरपलं की रिम आतून खातं.

पीटीओची जात विचारा, हे फारसं कुणी सांगत नाही. काही जुन्या गिअरच्या ट्रॅक्टरांत क्लच दाबला की चाकांबरोबर पीटीओही थांबतो. शेतात ते खपतं. बर्फात मात्र ट्रॅक्टर थांबवून ब्लोअर चालू ठेवायचा असतो, नाहीतर आतला बर्फ तोंडातच गच्च बसतो. आणि साखळ्या लावायच्या असतील, चढावर लावाव्याच लागतात, तर टायर आणि मडगार्डमध्ये जागा आहे का ते आधीच बघा.

माझ्यानंतर एका ओळखीच्यांना जपानमधून वापरून आणलेला ट्रॅक्टर स्वस्तात मिळत होता. यंत्र वाईट नसतं, पण सूचना जपानी भाषेत, सुट्या भागांचे क्रमांक वेगळे, बऱ्याचदा उलटल्यावर वाचवणारी कमानही नसते. अमेरिकेत कुबोटा या जपानी ट्रॅक्टर कंपनीनं अशाच वापरलेल्या ट्रॅक्टरांच्या आयातीविरुद्ध तक्रार केली होती. 1997 साली तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगानं ती उचलून धरली आणि 1999 साली अपील न्यायालयानंही. जपानी सूचनापट्ट्या आणि सेवेतला फरक हे मुद्दे त्यात होते. ओळखीच्यांनी तो ट्रॅक्टर घेतला नाही.

माझा ट्रॅक्टर अजून आहे. ॲक्सल दुरुस्त झाला, शाफ्ट बसला, टायर मापाचे आले, दाब गेलेल्या सिलिंडरसाठी इंजिन उघडायचं बाकी आहे. तोवर रात्री ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर, लावून ठेवतो. मागच्या महिन्यात फिल्टर बदलला तेव्हा झाकणाच्या आत, त्या नेटक्या अक्षराच्या खाली, मीही मार्करनं महिना लिहिला. तासांच्या जागी काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो रकाना मोकळाच ठेवला.