एकाच मँचेस्टरमधले दोन युनायटेड

२००५ साली अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेड हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब विकत घेतला. सुमारे ७९ कोटी पौंडांचा सौदा, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि ते कर्ज बसलं क्लबच्याच बोडक्यावर! म्हणजे घर घ्यायचं त्यांनी आणि हप्ते फेडायचे घरानेच. चिडलेल्या काही चाहत्यांनी त्याच वर्षी एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर हा स्वतःचा क्लब काढला. सभासद कितीही पैसेवाला असो, मत एकच. जर्सीवर प्रायोजकाचं नाव नाही.

थोरल्या युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर ७४ हजार माणसं बसतात, जगातले नामवंत खेळाडू दिसतात. पण २०२४-२५च्या हंगामात मध्येच उरलेल्या तिकिटांचा दर ६६ पौंड केला गेला. लहान मुलं, म्हातारी माणसं, कुणालाच सवलत नव्हती. तेव्हा बापाने पोराला घेऊन जायचं तर १३२ पौंड, वर चहापाणी वेगळं.

धाकट्याचं, म्हणजे एफसी युनायटेडचं, मैदान मँचेस्टरच्याच मॉस्टन भागात, जेमतेम साडेचार हजारांचं. चाहत्यांनीही पदरचे पैसे घालून ते उभं केलं. २०१५ मध्ये पहिला सामना थेट पोर्तुगालच्या बेनफिका क्लबशी. क्लब निघाल्यावर पहिल्या तीन हंगामांत सलग तीनदा वरच्या साखळीत बढती मिळाली होती, पण अव्वल साखळी फार दूरच राहिली.

मी मात्र अजूनही रात्री जागून थोरल्याचेच सामने बघतो. धाकट्याचे इथे टीव्हीवर लागतातच कुठे?