वैऱ्याशी सौदा करायला लावणारी पेटी: ट्वायलाइट इम्पेरियम

ट्वायलाइट इम्पेरियम हा अंतराळातल्या सत्तांचा बोर्डगेम. त्यातला एक नियम आधी सांगते, कारण माझ्या मते सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. सौदा जागच्या जागी पुरा होत असेल तर तो मोडता येत नाही. ‘आत्ता तू दे, पुढच्या फेरीत मी देतो’ असा असेल तर समोरचा खुशाल टांग मारू शकतो, नियम मधे पडत नाहीत. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीचे हिशेब लिहिणाऱ्या मला हे वाचून फार बरं वाटलं.

खेळ मूळ 1997 चा. माझ्याकडे फँटसी फ्लाइट गेम्सची 2017 ची चौथी आवृत्ती आहे. लझाक्स साम्राज्य कोसळलंय, मधोमध मेकाटोल रेक्स ही जुनी राजधानी, आणि कडेने बसलेल्या सगळ्या सत्तांचा तिच्यावर डोळा. पेटीत 17 सत्ता, खेळाडू तीन ते सहा, आधी 10 गुण करील तो जिंकला. गुण मुख्यतः उद्दिष्टं पुरी करून मिळतात, त्यामुळे शेजाऱ्याला बुडवण्यापेक्षा त्याच्याशी जमवून घेणं स्वस्त पडतं.

मी बहुतेक वेळा हाकान घेते, सिंहाच्या तोंडाचे व्यापारी. बाकीच्यांची देवघेव शेजाऱ्यापुरती, ह्यांची टेबलावर कुणाशीही. आणि मेख अशी की तुमचा माल तुमच्याकडे आहे तोवर त्याचं काही येत नाही. दुसऱ्याला दिला की त्याच्याकडे त्याचा पैसा होतो. म्हणजे श्रीमंत व्हायचं तर ज्याचं तोंड बघायचं नाही त्याच्याच दारात जायचं!

परवा भाऊजी लेटनेव्ह ही सत्ता घेऊन बसले होते. त्यांना आरमार मोठं ठेवता येतं, आणि ते सगळं माझ्या सीमेवर उभं. “वहिनी, ह्या फेरीत तुमच्याकडं येत नाही, शब्द देतो.” म्हटलं, शब्द राहू दे, सीझफायरचं कार्ड द्या. माझी जहाजं असलेल्या जागेवर त्यांनी चाल लावली की मी ते कार्ड टाकायचं, त्यांची जहाजं आत येत नाहीत, आणि कार्ड त्यांच्याकडे परत. पैसे मोजून घेतलं. भाऊजींनी मग एका कोपऱ्यातल्या फालतू जागेवर चाल लावली, मला कार्ड टाकायला लावलं आणि पुढच्या चालीत दुसरीकडून घुसले. सगळं नियमात बसतं. धाकट्या जाऊबाईंना हसू आवरेना.

मेकाटोलवर पहिला उतरणारा 6 इन्फ्लुअन्स (ताब्यातल्या ग्रहांचं राजकीय वजन) मोजतो, आणि तिथून दर फेरीला ठरावांवर मतदान सुरू होतं. त्यात कुणीही कुणाशी सौदा करावा. साखर कारखान्याच्या निवडणुकीत जन्माचे वैरी एकाच पॅनेलमध्ये दिसतात, तसलाच मामला. खेळातला हा भाग मला सगळ्यात आवडतो.

न पटलेली गोष्ट म्हणजे ‘सपोर्ट फॉर द थ्रोन’. हे दुसऱ्याचं कार्ड मिळालं की 1 गुण. त्याचं सैन्य असलेल्या जागेवर चाल लावली की कार्ड परत आणि गुणही गेला. युती मोडायची किंमत छापूनच दिली आहे, कल्पना झकास. पण होतं काय, दोन शेजारी सुरुवातीलाच कार्डांची अदलाबदल करतात, दोघांना फुकटचा गुण, आणि त्या सीमेवर संध्याकाळपर्यंत काही घडत नाही. आमच्या घरी आता अदलाबदल बंद. कार्ड द्यायचं तर बदल्यात दुसरं काहीतरी घ्यायचं. तेव्हापासून भाव ठरायला लागले, भांडणंही रंगली.

बाकी किरकोळ. कार्डं सगळी इंग्रजीत, बारीक अक्षरात. चार खुर्च्यांचं टेबल पुरत नाही, आम्ही सतरंजीवर मांडतो. भडंग चमच्याने खायची, तेलाचे हात कार्डांना नकोत.

तिघांत खेळलात तर दोघं मिळून एकाला धरतात, मजा नाही. पाच-सहाजण आणि अख्खा रविवार असेल तर जरूर घ्या. 2020 च्या ‘प्रॉफेसी ऑफ किंग्ज’ विस्तारात 7 सत्ता वाढतात आणि आठजण बसू शकतात. शिवाय अलायन्सचं कार्ड येतं, त्यावर दुसऱ्याच्या कमांडरची, म्हणजे त्याच्या सत्तेतल्या एका नेत्याची, करामत आपल्याला वापरता येते. पण ते मूळ पेटी नीट अंगवळणी पडल्यावरच.